एका हरलेल्या डावाचा कागद
(डिसेंबर २०२५ मधील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'शाळेतलं बुद्धिबळ'. माझ्या आधी कबड्डीवर बोलणाऱ्याने वीस मिनिटं घेतली, त्यामुळे मीही थोडा सैल सुटणार आहे. ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांनी घाबरू नये. चाली थोड्या आहेत, भानगड जास्त आहे.

आपल्याला ज्या गॅलरीच्या टोकाला भूगोलाचे नकाशे ठेवायची खोली होती, ती आठवते का? त्या खोलीत शाळा सुटल्यावर गणिताचे सर बुद्धिबळाचे चार पट मांडायचे. सोंगट्या लाकडी, दोन घोड्यांची डोकी उडालेली, एका हत्तीच्या जागी दौतीचं झाकण. सरांची एकच अट होती: प्रत्येक चाल लिहायची. "डाव हरला तरी चालेल, कागद हरवता कामा नये," असं ते म्हणायचे. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तो काळही बुद्धिबळाला चांगला होता. भारतात तेव्हा एकही ग्रँडमास्टर नव्हता, पण मुंबईत बुद्धिबळाचं वारं होतं. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींची नावं घराघरात माहीत होती. रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या तेव्हा आपण सहावीत होतो. प्रवीण ठिपसे यांचे डाव सर आम्हाला पटावर मांडून दाखवायचे. ते पुढे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले, देशातले तिसरे. आणि १९८४ च्या सप्टेंबरपासून मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव जगज्जेतेपदासाठी बसले होते ते उठायचं नाव घेत नव्हते. ४८ डाव झाले, त्यांतल्या ४० बरोबऱ्या, आणि मग फेब्रुवारीत ती लढत तशीच थांबवली गेली. सर रोज पेपरातून निकाल सांगायचे, "आज पुन्हा बरोबरी." आम्ही हसायचो. बरोबरीला आम्ही फार हलकं समजायचो, हे मुद्दाम सांगतो.

डिसेंबर १९८४. आंतरशालेय सांघिक स्पर्धेची शेवटची फेरी. घाटकोपरला एका सभागृहात होती. चार पट, चार खेळाडू. पहिल्या पटावर मी. बाकीचे तिघेही आज इथे आहेत: दुसऱ्या पटावरचा डावखुरा, जो पुढे बँकेत गेला, तिसऱ्या पटावरचा, जो आज बोरिवलीहून अंधेरी, अंधेरीहून घाटकोपर अशा दोन मेट्रो आणि वर एक लोकल करून मुलुंडला आलाय, आणि चौथ्या पटावरची, आमच्या संघातली एकटी मुलगी, जी आमच्यापैकी सर्वात शांत डोक्याची होती आणि अजूनही आहे.

आपण गुणांत पुढे होतो. शेवटची लढत २–२ अशी सुटली असती तरी एकूण गुणांवर ढाल आपल्याला मिळणार होती. सरांनी सकाळी मुलुंड स्टेशनच्या पुलावर आम्हाला उभं करून इतकंच सांगितलं, "नेहमीचं खेळा. आज कुणालाही शूर व्हायची गरज नाही."

माझं नेहमीचं म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, ई४. वर्षभर मी तेच खेळत होतो. पण त्याच्या आधीच्या महिन्यात मला फाउंटनच्या फुटपाथवर एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं आणि त्यात डेन्मार्कच्या बेंट लार्सनबद्दल वाचलं होतं. हा लार्सन डावाची सुरुवात चक्क कडेने करायचा: बी३. म्हणजे वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं फक्त एक घर पुढे. मग त्या मोकळ्या झालेल्या घरात उंट येऊन बसतो आणि तिथून तिरक्या लांब रेषेवरून थेट समोरच्या राजाच्या अंगणात बघतो. याला इंग्रजीत फ्लँक ओपनिंग म्हणतात, आपण बगलेची सुरुवात म्हणू.

न खेळणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. बुद्धिबळात पटाच्या मधल्या चार घरांना फार महत्त्व. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात, मधलं बळकाव. बगलेची सुरुवात म्हणते, थांब, मधल्या घरांत त्याला प्यादी उभी करू दे. आपण बाजूने, लांबून त्यांच्यावर नेम धरू आणि वेळ आली की ती पाडू. हा काही खुळचटपणा नाही. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रिचर्ड रेटीने अशाच बाजूच्या सुरुवातीने जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं होतं, आणि कापाब्लांका त्याआधी आठ वर्षं कुणाकडूनच हरला नव्हता. आपल्याकडे तर हे जुनंच. माझे आजोबा देशी बुद्धिबळ खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं, त्यामुळे कडेची प्यादी हळूच सरकवून उंट कोपऱ्यातून काढायची सवय त्या खेळाडूंना होतीच. १८५० च्या आसपास कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी असेच डाव खेळले, आणि पुढे युरोपात त्या धर्तीच्या मांडणीला 'इंडियन' हे नाव चिकटलं.

हे सगळं मला तेव्हा थोडंफार माहीत होतं. पण खरं सांगायचं तर मी बी३ खेळलो ते रेटीसाठी नाही आणि आजोबांसाठीही नाही. त्या सभागृहात आमच्या पटाभोवती दुसऱ्या शाळांची पंधरावीस मुलं उभी होती. त्यांनी "हे काय?" म्हणावं म्हणून खेळलो. त्यांनी तसं म्हटलंही. त्या दोन मिनिटांचा आनंद मला अजून आठवतो.

पुढचा डाव असा. समोर जाड चष्म्याचा, एकही शब्द न बोलणारा मुलगा. त्याने ई५ केलं. मी उंट बी२ वर आणला. त्याने घोडा काढला. मी ई३, त्याने डी५. आता मध्यभागी त्याची दोन प्यादी छाती काढून उभी. पुस्तकात होतं की इथे त्या प्याद्यांवर लगेच दाब आणायचा, उंट बी५ ला नेऊन घोड्याला जखडायचं. मी काय केलं? ए३. त्याचा घोडा बी४ ला येऊ नये म्हणून. मग एच३, पलीकडे जी४ ला कुणी येऊ नये म्हणून. मग जी३. मला वाटत होतं मी फार खोल खेळतोय. खरं म्हणजे मी दिवाणखान्यात चोर शिरला असताना गॅलरीच्या कड्या लावत होतो.

तोपर्यंत त्याने किल्लेकोट करून राजा घरात ठेवला आणि हत्ती राजाच्या रांगेत आणून उभा केला. माझा राजा अजून मधोमध. आठव्या चालीला त्याने डी-प्यादं पुढे ढकललं. नवव्या चालीला मारामारी झाली आणि मधली रांग उघडली. दहाव्या चालीला त्याने घोडा ई५ वर आणला आणि डी४ वरचं प्यादं मोकळं सोडलं. मला वाटलं विसरला. अकराव्या चालीला मी घोड्याने ते प्यादं उचललं आणि वर त्याच्याकडे बघून हसलो. त्याचा ई५ वरचा घोडा डी३ वर येऊन बसला. घोड्याचा शह, आणि घोडा हलल्यामुळे मागून हत्तीचाही शह. दुहेरी शहाला एकच उपाय, राजा हलवणं. राजा हलला, घोड्याने माझा बी२ चा उंट उचलला. तोच उंट, ज्याच्यासाठी हा सगळा थाट मांडला होता. वर वजिरावर नेम.

एकोणिसाव्या चालीला मी डाव सोडला. पाऊण तासही झाला नव्हता. आमच्या संघातला सर्वात आधी संपलेला डाव माझा.

आता इथून खरी गोष्ट सुरू होते. तिसऱ्या पटावरच्या आपल्या मित्राला, म्हणजे बोरिवलीकराला, समोरच्या मुलाने बरोबरी देऊ केली. डाव समसमान होता. त्याने मान वळवून माझ्या पटाकडे बघितलं. सोंगट्या आवरलेल्या होत्या. दुसऱ्या आणि चौथ्या पटांवर तेव्हा आपलं काही खरं दिसत नव्हतं. आपण आता जिंकलंच पाहिजे असं त्याला वाटलं आणि त्याने बरोबरी नाकारली. पुढच्या तासात तो हरला. त्यानंतर डावखुऱ्याने पडता डाव ओढून जिंकला आणि चौथ्या पटावर बरोबरी झाली. दीड विरुद्ध अडीच. अर्ध्या गुणाने ढाल गेली.

घाटकोपर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही चौघं उभे होतो. सर तिकिटं काढायला गेले होते. डावखुऱ्याने मला विचारलं, "अरे, बी३ कुठून काढलंस? तू तर ई४ खेळतोस." आणि मी म्हणालो, "सरांनीच सांगितलं होतं."

मित्रहो, हे वाक्य मी एकदाच बोललो. पण ते आपल्या बॅचमध्ये किती फिरलं ते तुम्हाला माहीत आहे. "सरांनी ऐन वेळी नको तो प्रयोग करायला लावला आणि ढाल घालवली," हे मी निरोप समारंभात ऐकलं, पंचवीस वर्षांनी झालेल्या मेळाव्यात ऐकलं, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षीसुद्धा वाचलं. तिथे कुणीतरी हसरा चेहरा टाकला होता. मीही एक टाकला.

सरांनी मला बी३ सांगितलं नव्हतं. त्यांनी नेहमीचं खेळा म्हणून सांगितलं होतं. आज हे मी माईकवरून सांगतोय, कारण खोटं जितक्या जणांपर्यंत गेलं तितक्या जणांपर्यंत खरंही जायला हवं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा चौघांना नकाशांच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं आता भरणार. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी पट मांडला आणि म्हणाले, "लार्सन विरुद्ध स्पास्की, बेलग्रेड, १९७०. सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं जग. पहिला पट." माझा घसाच कोरडा पडला. कारण लार्सनने तिथे बी३ खेळलं होतं, आणि माझ्या पुस्तकातली ती पानं मी नेमकी वाचली नव्हती.

तो डाव फक्त सतरा चालींचा आहे. लार्सन तेव्हा इतक्या जोरात होता की उरलेल्या जगाच्या संघात पहिला पट त्याने मागून घेतला आणि बॉबी फिशर दुसऱ्या पटावर बसला. समोर जगज्जेता स्पास्की. लार्सनने बी३ केलं, आणि चौथ्या चालीला घोडा अशा घरात काढला की स्पास्कीने प्यादं पुढे टाकून त्याला हुसकावलं. एकाच घोड्याच्या तीन चाली झाल्या आणि शेवटी तो दुसऱ्या घोड्याशी बदलून गेला. तेवढ्यात स्पास्कीच्या सगळ्या सोंगट्या बाहेर. चौदाव्या चालीला स्पास्कीने आपला हत्ती थेट शेवटच्या रांगेत, एच१ वर, फुकट नेऊन ठेवला. लार्सनला तो घ्यावाच लागला, आणि तेवढ्या सवडीत स्पास्कीचं एक छोटंसं प्यादं दाराशी येऊन उभं राहिलं. सतराव्या चालीला त्याचा वजीर झाला आणि लार्सनने डाव सोडला.

सरांनी सगळ्या चाली आमच्याकडून करून घेतल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पांढरा राजा कुठे आहे?" चौथ्या पटावरची म्हणाली, "सोळा चालींपर्यंत होता तिथेच, सर. मधोमध." सर म्हणाले, "बाजूने यायला हरकत नाही. पण घर उघडं टाकून बाजूने जाऊ नये."

आणि मग त्यांनी पुढचं सांगितलं, ते मी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याच लढतीत पुढच्या फेरीत, काळ्या सोंगट्या घेऊन, लार्सनने त्याच स्पास्कीला हरवलं. चौथ्या फेरीत स्पास्कीच्या जागी स्टाइन आला, त्यालाही हरवलं. चारांपैकी अडीच गुण. सोव्हिएत संघ एकूण साडेवीस–साडेएकोणीस असा जेमतेम जिंकला. बी३ या सुरुवातीला आज लार्सनचंच नाव आहे, आणि त्याच वर्षी फिशरनेही ती स्पर्धांमध्ये खेळून दाखवली. म्हणजे चूक बी३ ची नव्हती. लार्सनने हार स्वतःच्या नावावर घेतली आणि पुढच्या डावाला येऊन बसला.

शेवटी सरांनी माझ्याकडे हात केला. "तुझा कालचा कागद दे. तोही मांडू." मी म्हणालो, "सर, हरवला." सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं. सापडला की आण."

तो कागद तेव्हा माझ्या कंपासपेटीत होता, चार घड्या घालून. नंतर तो जर्मन शब्दकोशात गेला, मग घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये. मुलुंडची चाळ सुटली, ठाण्याला घर झालं, वडील गेले, मुलगी मोठी झाली. मी पुन्हा कधी स्पर्धेत खेळलो नाही. लोक विचारायचे तेव्हा दहावीचा अभ्यास, नोकरी अशी कारणं सांगायचो. यंदा जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख एकोणीस वर्षांची असताना बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली, आणि माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही पण खेळायचात ना? मग सोडलं का?" त्या दिवशी मी फाइल काढली.

गेल्या महिन्यात मी सरांना फोन केला. आमंत्रण हे निमित्त होतं. म्हटलं, सर, १९८४ चा तो घाटकोपरचा डाव... त्यांनी मला पूर्ण बोलूही दिलं नाही. शहाऐंशीव्या वर्षी त्यांचा आवाज थोडा बारीक झालाय, पण म्हणाले, "बी३ ना? ए३ आणि एच३ दोन्ही वाया." मी म्हटलं, सर, मी तेव्हा मुलांना सांगितलं होतं की तुम्ही... ते म्हणाले, "माहीत आहे. तिकिटं घेऊन मी मागेच उभा होतो."

मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला का नाहीत? सर म्हणाले, "दहावीचं वर्ष होतं. तू एकटा पडला असतास. माझ्यावर राग धरून तुम्ही चौघं एकत्र राहिलात, ते बरं झालं. मला काय, मी दुसऱ्या वर्षी दुसरा संघ केला."

एकेचाळीस वर्षं त्यांनी माझी हार स्वतःच्या नावावर ठेवली, आणि मला वाटत होतं की मी ती लपवली आहे.

आता दोन गोष्टी उरल्या. पहिली, बोरिवलीकरा, तुझ्यासाठी. तू प्रत्येक भेटीत म्हणतोस, "मी ती बरोबरी घेतली असती तर." बरोबर आहे, घेतली असतीस तर ढाल आली असती. पण तू मान वळवून माझ्या पटाकडे पाहिलंस तेव्हा तिथे रिकामा पट होता, आणि तो मी रिकामा केला होता, दोन मिनिटांच्या वाहवासाठी. मी नेहमीचं खेळून अर्धा गुण आणला असता तर तू हरूनही ढाल आली असती. हिशोब करून बघ, तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. तो अर्धा गुण माझ्या खात्यावर लिही आणि आजपासून ते वाक्य बंद कर.

दुसरी गोष्ट सरांसाठी. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. मी खाली येतो, तुम्ही उठू नका. कागदाच्या घड्या फाटायला आल्यात, शाई उडालीय, पण एकोणीसच्या एकोणीस चाली वाचता येतात. बाहेरच्या टेबलावर मी पट आणून ठेवलाय. जेवणं झाली की आम्ही चौघं येतो, तो डाव तुम्ही मांडा आणि माझी जी काय हजेरी घ्यायची ती घ्या.

सर, कागद सापडला.